तालमीच्या वर्गणीतील दहावा हिस्सा पेठेतील गरजूंसाठी वर्षभर राखून ठेवावा का?

पेठकरी (धागा सुरू करणारे):

महापूर आला की कोल्हापुरात मदतीला हात कमी पडत नाहीत, हे आपण २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वेळा पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की पेठापेठांतील कार्यकर्ते घराबाहेर पडतात, तालमीच्या, म्हणजे पेठेतील कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या मंडळाच्या, दारात चुली पेटतात आणि सुतारवाड्यासारख्या सखल वस्तीतील माणसांना जेवण पोहोचते. या गुणाबद्दल मला मनापासून अभिमान आहे. परंतु पाणी उतरल्यानंतर वर्षाचा जो मोठा काळ उरतो, त्या काळात आपल्याच गल्लीतील एखादे घर हळूहळू खचत असते आणि ते आपल्याला ठाऊक असूनही त्यासाठी आपल्याकडे कोणतीही व्यवस्था नसते.

डायलिसिसवरील रुग्ण असलेल्या घराचा हिशेब पाहावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागतो. मात्र आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा रुग्णालयात जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, सोबत जाणाऱ्या माणसाचा बुडणारा रोज आणि त्या दिवशी घरातील मुलांना डबा कोण देणार हा प्रश्न, यांपैकी एकही गोष्ट कोणत्याच योजनेच्या यादीत बसत नाही. हे काम सरकारचे नाही आणि मोठ्या संस्थेचेही नाही, ते शेजाऱ्याचेच आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, प्रत्येक तालमीने व मंडळाने गणेशोत्सवाच्या वर्गणीतील दहावा हिस्सा पेठेतील अशा घरांसाठी बाजूला काढावा, तो वर्षभर पुरवून वापरावा आणि मदत घेणाऱ्याचे नाव किंवा छायाचित्र कोठेही येऊ देऊ नये. शिध्याची पिशवी एका हाताने देताना दुसऱ्या हाताने फोटो काढून घेण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्यामुळे खरी गरज असलेली माणसे पुढे येईनाशी झाली आहेत. पिशवीत पाच किलो पीठ आणि लिटरभर तेल असते. त्या बदल्यात एका बाईला सगळ्या गल्लीच्या मोबाईलवर जावे लागते.

नाव न विचारता देण्याची रीत या शहराला नवी नाही. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि होळीच्या सुमारास मंडळे, तालमी व साधी घरेही तेथे शेणी, म्हणजे जळणाच्या गोवऱ्या, दान करतात. टेम्पोतून उतरवलेली शेणी कोणाच्या चितेवर लागली हे देणाऱ्याला कधीच कळत नाही आणि ज्याच्या घरी दुःख झाले आहे त्यालाही कोणाचे आभार मानत फिरावे लागत नाही. मृत माणसासाठी जे सौजन्य आपण दाखवतो, ते जिवंत शेजाऱ्यासाठी का दाखवू नये?

जमाखर्च:

पेठकरी यांच्या तळमळीबद्दल आदर ठेवून मी या प्रस्तावाला विरोध करतो. माझी उभी हयात हिशेब तपासण्यात गेली आहे, त्यामुळे मला यातील धोका आधी दिसतो.

शेणीचे उदाहरण मनाला भिडणारे असले तरी येथे लागू पडत नाही. शेणी घरी नेऊन कोणी श्रीमंत होत नाही. स्मशानात पात्र कोण, अपात्र कोण, हेही ठरवावे लागत नाही. रोख पैशाचे तसे नाही. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही आणि मध्ये चार कार्यकर्ते आहेत, अशा रचनेत सगळा भरवसा त्या चौघांवर येतो. ते चौघे आज सज्जन असतील; पुढच्या वर्षी पदाधिकारी बदलतील.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे. ज्या मंडळांची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी झालेली नाही, त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क नुसार वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. उत्सवासाठी म्हणून मागितलेला पैसा वर्षभर गुपचूप वाटत राहणे हे त्या परवानगीत बसणारे नाही. ज्यांना दान करायचे आहे त्यांनी नोंदणीकृत संस्थेला द्यावे, पावती घ्यावी आणि वर्षअखेरीस तिचा लेखापरीक्षण अहवाल मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठ:

मी शिरोळ तालुक्यातून लिहीत आहे. "पेठेतील पैसा पेठेतच" या विचाराला माझा विरोध जमाखर्च यांच्यापेक्षा वेगळ्या कारणाने आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही नद्यांचे पाणी गावांत शिरले, तेव्हा मदत आली ती दूरदूरच्या जिल्ह्यांतून. त्या लोकांनी सीमा पाहिली नाही. त्या वेळी आलेल्या मदतीविषयी मी कृतज्ञ आहे आणि म्हणूनच तिच्यातील उणीवही सांगतो. पहिल्या आठवड्यात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे इतके आले की ठेवायला जागा राहिली नाही. जुन्या कपड्यांचे ढीग शाळांच्या व्हरांड्यांत पडून भिजले, आणि ज्या बाईचे सगळे घर चिखलात गेले आहे तिने त्या ढिगातून दुसऱ्याची फाटकी साडी उपसून काढावी, हे दृश्य पाहणाऱ्यालाही लाज आणणारे होते. जनावरांसाठी चारा मात्र मागूनही पुरेसा मिळत नव्हता. महिन्यानंतर, जेव्हा ओल धरलेल्या भिंती पडू लागल्या, मुलांची पुस्तके पुन्हा घ्यायची होती आणि उसाचे पीक कुजल्यामुळे हाताला मजुरीही नव्हती, तेव्हा गावात एकही गाडी येत नव्हती.

तेव्हा निधी वर्षभरासाठी असावा, हे पेठकरी यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र तो पेठेच्या वेशीवर अडवू नये. ज्या पेठेची वर्गणी मोठी आहे तिने नदीकाठचे एक गाव कायमचे जोडून घ्यावे आणि पुरानंतर दुसऱ्या महिन्यात तेथे जावे. पहिल्या आठवड्यात जायला सारे जग तयार असते.

उपनगरवासी:

मुळात ज्यांच्या भागात तालीमच नाही त्यांनी काय करायचे? कळंब्याकडच्या आणि फुलेवाडीकडच्या नव्या वसाहतींत भाडेकरू आहेत, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या कारखान्यांत काम करणारे परप्रांतीय कामगार आहेत. ते वर्गणी देतात, पण "आपल्या माणसांच्या" यादीत त्यांचे नाव कधी येत नाही. जुन्या पेठांतील घरे पिढ्यान्पिढ्या एकमेकांना ओळखतात, म्हणून तेथे कोणीतरी विचारपूस तरी करते. ज्याला कोणीच ओळखत नाही, त्याची गरज सर्वांत मोठी असते, आणि हा प्रस्ताव नेमका त्यालाच वगळतो.

हक्कदार:

माझा आक्षेप अधिक मूलभूत आहे. जे मिळणे हा माणसाचा हक्क आहे ते आपण दान म्हणून देऊ लागलो, तर हक्क मागणारा आवाज क्षीण होत जातो.

धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे. अंत्योदय शिधापत्रिकेवर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. संजय गांधी निराधार योजनेची पेन्शन २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली. हे सारे कागदावर असताना आपल्या गल्लीतील विधवेला ते मिळत नसेल, तर तिला पिठाची पिशवी देऊन आपण आपल्या मनाचे समाधान करून घेतो आणि ज्याने तिचा अर्ज अडवून ठेवला आहे त्याला मोकळे सोडतो. स्वयंसेवकांनी खरोखर वेळ द्यायचा असेल तर तो तहसील कार्यालयाच्या रांगेत द्यावा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधारशी जोडलेले बँक खाते, दरवर्षीचा हयातीचा दाखला, यांतील एक कागद कमी पडला म्हणून पेन्शन थांबलेली कितीतरी म्हातारी माणसे आपल्या आसपास आहेत. अशा एका माणसाची पेन्शन पुन्हा सुरू करून दिली तर त्याला दरमहा १,५०० रुपये मिळत राहतात आणि त्यासाठी कोणाची वर्गणी लागत नाही.

राजर्षी शाहू महाराजांचे नाव आपण सगळेच घेतो. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यानंतर वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, तेव्हा महाराजांनी गरीब विद्यार्थ्याला कोणाच्या दारात माधुकरी मागायला पाठवले नाही. त्याच्या राहण्याजेवणाची संस्था उभी केली.

पेठकरी:

हक्कदार यांनी वसतिगृहांचा उल्लेख केला हे बरे झाले, कारण तोच दाखला माझ्या बाजूनेही बोलतो. संस्थानाने जागा दिली, आर्थिक साहाय्य दिले, पण रोजचा कारभार त्या त्या समाजातील माणसांनी पाहिला. राज्याचा हात आणि शेजाऱ्याचा हात एकाच वेळी लागला, म्हणून ती वसतिगृहे टिकली. तहसील कार्यालयात वेळ देण्याची सूचना मी आनंदाने स्वीकारतो. परंतु अर्ज मंजूर होईपर्यंतचे चार-सहा महिने त्या विधवेने काय खावे, याचे उत्तर हक्काच्या भाषेत मिळत नाही. तेवढ्या काळासाठी तरी पिठाची पिशवी लागतेच.

उपनगरवासी यांचा आक्षेप मला सर्वांत अधिक टोचला आहे. वर्गणी ज्याच्याकडून घेतली तो आपला, भाडेकरू असो वा परप्रांतीय, एवढा नियम तरी पहिल्या दिवसापासून हवा. कृष्णाकाठ यांची गाव जोडून घेण्याची सूचना मोठ्या मंडळांनी जरूर उचलावी. मात्र लहान तालमींना दोन्ही ओझी पेलणार नाहीत, आणि त्यांनी आधी स्वतःच्या गल्लीकडे पाहिले तर त्यात स्वार्थ आहे असे मी मानत नाही.

अंगणवाडीताई:

आतापर्यंतच्या चर्चेत पैसा कोठून येईल आणि हिशेब कोण ठेवील यावर बरेच बोलणे झाले. गरज कोणाला आहे हे ठरवणार कोण, यावर कोणीच बोललेले नाही.

तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी सगळे पुरुष बसलेले असतात. नवऱ्याच्या दारूपायी जिच्या घरात चूल पेटत नाही, ती बाई त्या कट्ट्यासमोरून मान खाली घालून जाते. तेथे जाऊन ती मदत मागेल ही कल्पनाच करू नका. पुष्कळदा तिचा नवरा त्याच कट्ट्यावर बसलेला असतो. त्यामुळे निवड करणाऱ्यांत निम्म्या तरी बायका असल्याखेरीज हा निधी योग्य घरापर्यंत पोहोचणार नाही, हे मी रोज घरोघरी फिरण्याच्या अनुभवावरून सांगते.

आणि एक विनंती आधीच करून ठेवते. अशी योजना निघाली की "आशाताईंना विचारा, अंगणवाडीच्या बाईंकडे यादी असेल" असे सहज म्हटले जाते. आमच्याकडे आधीच वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण, पोषण आहार आणि वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे आहेत. शिवाय घराघरांतील ज्या गोष्टी आम्हाला विश्वासाने सांगितल्या जातात, त्या मंडळाच्या बैठकीत आम्ही बोलू लागलो तर उद्या त्या बायका आमच्यापुढेही तोंड उघडणार नाहीत. स्वयंसेवा करायची तर ती ज्यांना मोकळा वेळ आहे त्यांनी करावी. आमच्या माथी आणखी एक वही मारू नये.

जमाखर्च:

ताईंचे म्हणणे वाचल्यावर माझा विरोध थोडा मवाळ झाला आहे, मात्र संपलेला नाही. तीन अटी पाळल्या जाणार असतील तर मी या प्रस्तावाला पाठिंबा देईन. मंडळाने रीतसर नोंदणी करावी आणि आपल्या उद्देशांत गरजूंना साहाय्य हा विषय स्पष्ट लिहावा. रोख रक्कम हातात न देता औषधाच्या दुकानाचे, शाळेचे किंवा रिक्षावाल्याचे बिल मंडळाने थेट भागवावे. वर्षाच्या शेवटी तालमीच्या फलकावर औषधांवर किती, शिक्षणावर किती, प्रवासावर किती असे आकडे नावांशिवाय लावावेत. परंतु नावांची बंद नोंदवही असलीच पाहिजे आणि प्रत्येक नावापुढे उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत असली पाहिजे. त्याशिवाय लेखापरीक्षकाने तपासायचे तरी काय?

पेठकरी:

तिन्ही अटी मान्य आहेत. नोंदवहीही मान्य आहे, ती दोघांच्याच ताब्यात राहावी आणि त्यांत एक स्त्री असावी. उत्पन्नाचा दाखला मात्र मान्य नाही. ज्या कागदासाठी माणूस सरकारी कचेरीत हेलपाटे घालून थकला, तोच कागद आपण त्याच्या शेजारी राहून मागणार असू, तर त्याने आपल्याकडे यावे तरी कशाला? त्याच गल्लीतील दोन घरांनी खात्री दिली की पुरे समजावे.

जमाखर्च:

दोन घरांची खात्री म्हणजे दोन घरांची शिफारस, आणि शिफारशीने काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्याचे शेजाऱ्यांशी पटत नाही, त्या माणसाची खात्री कोण देणार? कागदाला निदान राग-लोभ नसतो.

अंगणवाडीताई:

ज्याचे कोणाशी पटत नाही त्याच्याकडे दाखलाही बहुधा नसतो. अशा घरी बिल भागवण्यापूर्वी दोघींनी एकदा जाऊन यावे, पाण्याचा पेला मागावा आणि दहा मिनिटे बसावे. स्वयंपाकघराकडे नजर गेली की कागद मागण्याची वेळ येत नाही. हे काम करायला आमच्या पेठेतील बचत गटाच्या बायका तयार आहेत, मी त्यांना विचारूनच लिहीत आहे. पण पावती पुस्तके छापायला टाकण्यापूर्वी मंडळांनी बैठक घ्यावी आणि या निधीची ओळ पावतीवरच छापावी, म्हणजे ज्याला यासाठी पैसे द्यायचे नसतील त्याला तसे सांगता येईल.