पोटऱ्या हलत्या ठेवा

दुकानात दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय भरून येतात, असं वर एका ताईंनी लिहिलंय. माझ्या आईचंही अगदी हेच होतं. मेन रोडवर कापडाच्या दुकानात ती 10-10 तास उभी असायची. घरी आली की पावलावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ दिसायचा.

ताई, पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात. नुसतं एका जागी उभं राहिलं की ती मदत मिळत नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा 20 वेळा टाचा उचला, टेकवा. रात्री उशीवर पाय ठेवून 15 मिनिटं पडा. आईला यानेच उतार पडला, पुढे ती नाशिकजवळच्या डोंगरातल्या पांडवलेणीच्या पायऱ्याही चढली.

मात्र एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला तर मालीश अजिबात नको. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.