रत्नागिरी जिल्ह्यातून किती माणसं गेली, किती आली: हिशेब कसा मांडायचा?

पाणंद:
ग्रामपंचायतीच्या आराखड्यात स्थलांतरावर एक प्रकरण हवं आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069 झाली. म्हणजे 81,708 माणसं बाहेर गेली, असं लिहिलं तर चालेल का? आणि बागेतले नेपाळी राखणदार, चिरेखाणीवरचे कर्नाटकातले कामगार हे कुठे मोजले जातात?

आकडेमोड:
तसं लिहू नका. 81,708 ही फक्त घट आहे. त्या दहा वर्षांत जन्म झाले, मृत्यूही झाले. आधी जन्मांतून मृत्यू वजा करा, आणि जी नैसर्गिक वाढ येईल ती लोकसंख्येतल्या फरकातून वजा करा. फरक इथे उणे 81,708 आहे, म्हणून वाढ वजा केली की घटीचा आकडा मोठा होतो. समजा नैसर्गिक वाढ 1 लाख निघाली, तर निव्वळ बाहेर गेलेले, म्हणजे गेलेल्यांतून आलेले वजा करून उरलेले, 1,81,708 होतात.

घोळ होतो तो जन्मनोंदीत. आपल्याकडे जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो, आईचं घर कुठे आहे यावर नाही. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली की बाळ तिथल्या दप्तरात चढतं. तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली तर तिथल्या. त्यामुळे गावाचा हिशेब ग्रामपंचायतीच्या नोंदवहीवर उभा करू नका, आशाताईंच्या यादीवरून करा. त्यांच्याकडे घराघराची माहिती असते.

जिल्ह्यासाठी वयोगटाची पद्धत जास्त भरवशाची. जनगणनेचा सी-14 तक्ता घ्या, त्यात पाच-पाच वर्षांच्या वयोगटांची लोकसंख्या असते. 2001 मध्ये 10 ते 14 वयाचे जे मुलगे होते, तेच 2011 मध्ये 20 ते 24 चे झाले. एसआरएसच्या (सरकारची जन्म-मृत्यूंची नमुना पाहणी) जीवनसारणीतून, म्हणजे कोणत्या वयाचे किती जण पुढे जगतात त्या तक्त्यातून, दहा वर्षं जगण्याचं गुणोत्तर काढा. समजा 1000 मुलगे आणि गुणोत्तर 0.99, तर 990 दिसायला हवेत. प्रत्यक्षात 600 असतील तर 390 निव्वळ गेले.

खाडीपट्टा:
वरच्या पद्धतीत एक भर. पुरुष आणि बायका वेगवेगळे मोजा, एकत्र केलंत तर चित्र पुसलं जातं. 20 ते 24 च्या मुली लग्न होऊन बाहेर जातात तशा लग्न होऊन येतातही, म्हणून त्यांचा निव्वळ आकडा लहान दिसतो. 2011 मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, तो फरक मुख्यतः मुंबईला गेलेल्या पुरुषांचा. का स्थलांतर झालं ते जनगणनेच्या डी-3 तक्त्यात मिळेल, तिथे काम आणि लग्न ही कारणं वेगळी दिलेली आहेत. मात्र डी-3 आलेल्यांचा असतो. आपल्याकडून गेलेले मुंबई आणि ठाणे जिल्ह्यांच्या तक्त्यात आलेले म्हणून दिसतात.

सड्यावरचा:
मोजणीची तारीख कोणी सांगितली नाही, आणि कोकणात सगळा खेळ तारखेचा आहे. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, शिमगा आला 19 मार्चला. म्हणजे चाकरमानी गावात नसतानाच मोजणी झाली, आणि त्यांना गावात धरलं नाही ते योग्यच. उलट राखणदार पावसाळ्यानंतर येतो, आंबा संपला की जातो. फेब्रुवारीभर तो बागेतच, त्यामुळे नियमानं त्याची गणना इथेच व्हायला हवी. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, एकट्या राहणाऱ्या माणसापर्यंत प्रगणक पोचला नाही तर मात्र तो सुटतो. नौकांवरच्या खलाशांचंही तसंच. 1 जूनला यांत्रिक मासेमारी बंद झाली की बंदर रिकामं होतं, म्हणून पावसाळ्यातल्या सर्वेक्षणात ते सापडतच नाहीत.

पाणंद:
समजलं. गावासाठी मतदारयादी वापरू का?

आकडेमोड:
गेलेल्यांसाठी तिचा उपयोग उलटा करा. चाकरमान्यांची नावं यादीत राहतात, म्हणून मतदार आणि प्रत्यक्ष राहणारे प्रौढ यातला फरकच तुम्हाला हवा आहे. गावपातळीवर जनगणना फक्त 0 ते 6 हा वयोगट वेगळा देते, बाकी वयं घरोघर फिरूनच भरावी लागतील. प्रत्येक घरासमोर तीनच खुणा करा: बारमाही उघडं, फक्त गणपतीला आणि मे महिन्यात उघडं, कायम कुलूप. राखणदार आणि कामगारांची यादी वेगळी करा. ती बागायतदार आणि खाणवाल्यांकडून जानेवारीत एकदा घ्या, ऑगस्टमध्ये पुन्हा घ्या. पाण्याची योजना आखताना जानेवारीतली माणसं धरा आणि मे महिन्यातल्या चाकरमान्यांची भर वेगळी दाखवा, कारण विहिरी आटतात त्याच वेळी गाव सर्वांत भरलेलं असतं.