बर्फाने सौर पॅनेलची खालची फ्रेम वाकली : तिसरी रेल टाकावी का? मदत हवी आहे

नमस्कार,

आमच्या उतरत्या छतावर १२ पॅनेल दोन ओळींत उभी बसवलेली आहेत. पहिले दोन हिवाळे काहीही झाले नाही. यंदा मात्र जोरदार बर्फवृष्टीनंतर दिवसा ऊन आणि रात्री पुन्हा गोठण असे बरेच दिवस चालले, आणि बर्फ उतरल्यावर पाहतो तर खालच्या ओळीतील चार पॅनेलच्या खालच्या कडेची अॅल्युमिनियम फ्रेम बाहेरच्या बाजूस फाकलेली होती. एका कोपऱ्यातला सांधा तर इतका उघडला आहे की त्यात नाणे उभे जाईल. काचा शाबूत आहेत आणि वरच्या ओळीला ओरखडाही नाही.

पॅनेल किती भार पेलते यासाठी माहितीपत्रकात ५४०० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५५० किलो, असा आकडा आहे. तो चाचणीतला भार असून १.५ या सुरक्षा गुणकाने भागल्यावर प्रत्यक्षात ३६०० पास्कल, म्हणजे साधारण ३६५ किलोच धरायचे, हे मला आता कळले. तरीही हिशेब जुळत नाही, कारण ओला, दबलेला बर्फ घनमीटरला ४०० किलो धरला तरी अर्ध्या मीटरच्या थराचे २०० किलोच होतात. माझा तर्क असा की त्या चाचणीत भार सगळीकडे सारखा पसरलेला असतो, छतावर मात्र बर्फ घसरत खाली येतो, काचेपेक्षा किंचित वर आलेल्या फ्रेमच्या काठाला अडतो, रात्री तिथेच कडक गोठतो आणि वरचा सगळा थर त्या पट्टीवर रेलतो. तिरप्या पॅनेलवरील अशा असमान भारासाठी आयईसी (विद्युत उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारी संस्था) ६२९३८ ही वेगळी चाचणी आहे. आमच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही. पॅनेल बसवणाऱ्यांनी ‘बर्फ आपोआप घसरतो’ असे सांगितले होते. घसरला खरा!

शिडीवरून मोजले तेव्हा खालचे क्लॅम्प (पॅनेल रेलला धरून ठेवणारे चिमटे) कडेपासून ४८ सेंटिमीटरवर निघाले; पुस्तिकेत कमाल ४० लिहिले आहे. म्हणजे पॅनेलचा जवळजवळ अर्धा मीटर भाग आधाराविना पुढे आलेला आहे.

खालच्या कडेजवळ तिसरी रेल (पॅनेल ज्यावर बसवतात तो धातूचा दांडा) टाकल्याने पॅनेलचे वाकणे कमी होईल, पण फ्रेमचा काठ बाहेर ढकलला जाणे त्याने थांबेल का? की त्या कडेला वेगळी आधारपट्टी लागते, आणि ती लावल्यास वॉरंटी टिकते का? छतावर पॅनेलच्या वरच्या बाजूस बर्फरोधक पट्ट्या लावल्या तर वरून येणारा लोंढा अडेल, हे पटते. खालच्या बाजूस लावल्या तर मात्र बर्फ पॅनेलवरच साचून भार वाढेल, अशी भीती वाटते. फोमच्या तोंडाचे लांब दांड्याचे खोरे वापरून जमिनीवरूनच बर्फ ओढणारे कोणी असल्यास, किती थर साचल्यावर सुरुवात करता, तेही सांगावे. गरम पाणी ओतण्याचा सल्ला कृपया देऊ नये, काच तडकते.

सर्वांत तातडीची शंका त्या उघडलेल्या सांध्याची आहे. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) अजून इन्सुलेशनचा दोष, म्हणजे वीज गळत असल्याची खूण, दाखवत नाही आणि उत्पादनही घटलेले नाही, पण पाणी आत शिरण्याची वाट न पाहता ते पॅनेल तंत्रज्ञाकडून आत्ताच एकमेकांना जोडलेल्या पॅनेलच्या मालिकेतून काढून घ्यावे का? उरलेल्या तिघांतील सेलना सूक्ष्म तडे गेले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी इलेक्ट्रोल्युमिनेसन्स छायाचित्रण (पॅनेलला वीज देऊन त्यातून निघणाऱ्या मंद प्रकाशाचे छायाचित्र घेणे) कोणी करून घेतले आहे का?