विशेष नोटिशीवरील हरकतीच्या सुनावणीत नेमकी नोंद कशाची होते?

घोडबंदरवासी:
नमस्कार. आमच्या सदनिकेचे करयोग्य मूल्य (ज्यावर मालमत्ता कर ठरतो ते) वाढवल्याची महापालिकेची विशेष नोटीस आली. बाल्कनी बंदिस्त धरून क्षेत्र वाढवलेले दिसल्यामुळे मी मुदतीत लेखी हरकत दिली आणि आवक क्रमांकाची पोचही घेतली. बाल्कनी आजही उघडी आहे. आता सुनावणीची तारीख मिळाली आहे. तिथे तोंडी मांडलेले म्हणणे कुठे लिहिले जाते का, आणि पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर ते उपयोगी पडते का, हे कोणी सांगेल का?

जुना_कारकून:
ताई, मी कर विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ठाणे असो वा नवी मुंबई, दोन्हीकडे १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि कराचे नियम त्याच्या अनुसूची ‘ड’च्या आठव्या प्रकरणात आहेत. (मुंबईचा १८८८ चा कायदा वेगळा आहे, तिथल्या नातेवाइकांचे अनुभव इथे जसेच्या तसे लावू नका.) नियमानुसार आयुक्त, किंवा त्यांनी अधिकार सोपवलेले अधिकारी, तक्रारदाराच्या समक्ष आणि तो गैरहजर असल्यास त्याच्या पश्चात हरकतीची चौकशी करून ती निकाली काढतात. तो निकाल तक्रारींच्या नोंदवहीत लिहायचा असतो आणि आवश्यक ती दुरुस्ती आकारणी पुस्तकात करायची असते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नियमाने नोंद मागितली आहे ती निकालाची. तुमच्या प्रत्येक वाक्याची नव्हे. म्हणून जे म्हणायचे ते कागदावर न्या. बाल्कनीची आतून-बाहेरून काढलेली छायाचित्रे, भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष स्थळपाहणीची लेखी विनंती, हे सगळे अनुक्रमांक घालून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घ्या.

वाशी_सेक्टर_नऊ:
वरील प्रतिसादाला माझा अनुभव जोडते. दुसऱ्या एका शहरातल्या आमच्या दुकानाच्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी पाऊण तास शांतपणे ऐकून घेतले, परंतु रोजनाम्यावर (त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीवर) ‘मालक हजर, म्हणणे ऐकले, आकारणी कायम’ एवढी एकच ओळ आली आणि मी ती न वाचता खाली सही केली. भाडेकरार दाखवला होता, त्याचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे सही करण्यापूर्वी रोजनामा वाचा आणि दिलेल्या कागदांची यादी त्यात आली नसेल, तर ‘सोबत सादर केलेली कागदपत्रे’ असे लिहून घ्यायला आग्रहाने सांगा. निर्णयाची प्रमाणित प्रत मागण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.

घोडबंदरवासी:
मनापासून आभार. मूल्याचा आकडाच चुकीचा वाटतो, हा मुद्दाही घ्यावा का?

जुना_कारकून:
घ्या, पण हिशेब मांडून. करयोग्य मूल्य म्हणजे मालमत्तेला वाजवीपणे मिळू शकणारे वार्षिक भाडे, त्यातून दुरुस्ती वगैरेसाठी १० टक्के वजा. महिना ५,००० रुपये भाडे धरले असेल तर वर्षाचे ६०,००० आणि वजावटीनंतर ५४,००० रुपये. भाड्याचा दर मान्य असून केवळ क्षेत्र अमान्य असेल, तर तसे स्पष्ट लिहा. दोन्ही मुद्दे एकाच परिच्छेदात कालवले की निर्णयात एकाचेच उत्तर येते.

न्यायालयाविषयी सांगतो. याच अधिनियमाच्या कलम ४०६ खालचे अपील दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालते. त्याआधी आयुक्तांकडे हरकत दिलेली आणि निकाली निघालेली असावी लागते, अपील पंधरा दिवसांत दाखल करावे लागते आणि वादग्रस्त मूल्यावरील कर महापालिकेत जमा करावा लागतो. करयोग्य मूल्याच्या बाबतीत हे दिवस हरकत निकाली निघाल्यापासून मोजतात. म्हणूनच ‘पाहू, कळवू’ एवढ्यावर परतू नका. निर्णय कोणत्या तारखेला झाला हे नोंदवहीत पाहून ती तारीख स्वतःच्या कागदावर लिहून आणा.