तुरुंगातून सुटलेल्याला खोली द्यायची की नाही?

सिंहगड रोड: काल इथे एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी अभिमानाने लिहिलं, की येरवड्यातून सुटलेल्या माणसाला त्यांनी फ्लॅट भाड्याने मिळू दिला नाही. 'चांगल्या लोकांची वस्ती आहे' म्हणे. माझा मामेभाऊ कच्चा कैदी म्हणून चार वर्षं आत होता, मग निर्दोष सुटला. देशातल्या तुरुंगांत चारांतले जवळपास तीन जण असेच, खटला न संपलेले. तो बाहेर आला तेव्हा हातात कपड्यांची एक पिशवी. आधारवर जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता, आणि ती खोली मालकाने केव्हाच दुसऱ्याला दिलेली. पत्ता नाही म्हणून काम नाही, पगाराची स्लिप नाही म्हणून खोली नाही. अकरा खोल्या पाहिल्या. अकराव्या ठिकाणी आजींनी चहा दिला, डिपॉझिट ठरलं. संध्याकाळी फोन आला, 'मुलगा नको म्हणतोय.' तीन महिने आमच्या गॅलरीत झोपला. माझ्याकडे गॅलरी होती म्हणून. ज्याला कुणीच नाही त्याने कुठे जायचं?

सेक्रेटरी: तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, पण आमच्याकडे ४६ फ्लॅट आहेत, निम्म्यांत म्हातारी माणसं एकटी. उद्या काही झालं तर लोक माझ्या दारात येणार, तुमच्या नाही. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावीच लागते.

वकील, ठाणे: माहिती द्यायची असते, परवानगी मागायची नसते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर (भाड्याने) देताना सोसायटीची पूर्वपरवानगीही लागत नाही, फक्त कळवायचं. एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, अडवून ठेवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

डोंबिवलीकर: एनओसीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते पैसे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, हे २००१ पासून ठरलेलं आहे. आमची कमिटी सरसकट दोन हजार घेते! वर पाच वर्षं हिशोब नाही.

कल्याण पूर्व: आमच्याकडे तर भाडेकरूला लिफ्टचे वेगळे पैसे. सभेत विचारलं की माईक बंद.

सेक्रेटरी: फुकट राबतो आम्ही! रात्री दोनला पंप बंद पडला की कोण उठतं? मग करा ना तुम्ही सेक्रेटरी.

डोंबिवलीकर: निवडणूक घ्या, करतो.

माणदेशी: अहो, पंप राहू द्या. आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली कैद्यांसाठी वसवलेली खुली वसाहत. जन्मठेपेचे कैदी तिथे बायकापोरांसह राहून शेती करतात. आमचे आजोबा त्यांच्याकडून वांगी घ्यायचे, घरी बोलवायचे. खुनातला माणूस आमच्या ओट्यावर जेवलाय. शिक्षा चालू असताना ज्याला घर मिळतं, त्याला शिक्षा संपल्यावर पुण्यात खोली मिळत नाही?

सेक्रेटरी: सरकार निवडून माणसं ठेवतं तिथे. माझ्याकडे तशी निवड करायची सोय नाही.

सोलापूर: मी पारधी. घरात कुणी कधी तुरुंगात गेलेलं नाही, तरी आडनाव ऐकलं की खोली 'कालच गेली'. आम्हाला जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ ला गेला. तुमच्या 'चांगल्या वस्ती'तून अजून गेलेला नाही. नुसत्या संशयावर नाही म्हणायची सवय लागली की ती कैद्यापाशी थांबत नाही.

सेक्रेटरी: यावर मला उत्तर नाही. पण बाकीचं ऐका. लहान मुलांवरचा गुन्हा असेल तर मी नाहीच म्हणणार, काय बोलायचं ते बोला. बाकी गुन्ह्यांत... ठीक आहे, माणसाला भेटून, ओळखीचा कुणी हमी देत असेल तर कमिटीपुढे ठेवीन.

सिंहगड रोड: मुलांचं म्हणता ते मलाही पटतं. मग कालचा माणूस कशात आत होता?

सेक्रेटरी: विचारलं नाही.