‘पर्स्वेड’ आणि ‘कन्व्हिन्स’ : नेमका फरक कोणता?

देवगडची आंबेवाली
नमस्कार. आमच्या आंबा उत्पादक गटाचा वार्षिक अहवाल इंग्रजीत तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वाशीच्या बाजारात पेट्या पाठवण्याऐवजी हापूस थेट ग्राहकाला विकावा, यासाठी आम्ही गेल्या हंगामात गावोगावच्या बागायतदारांना भेटलो; परंतु अनेकांनी व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली असल्यामुळे ते तयार झाले नाहीत. हे सांगणारे वाक्य मसुद्यात असे आहे : ‘वी पर्स्वेडेड द ग्रोअर्स टू सेल डायरेक्टली, बट दे डिड नॉट अग्री.’ गटातील एका सदस्याच्या मते हे वाक्य चुकीचे असून ‘पर्स्वेडेड’च्या जागी ‘कन्व्हिन्स्ड’ घातले की काम होईल. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

राजापूरचा निवृत्त शिक्षक
ताई, वाक्याचे व्याकरण बिनचूक आहे, पण त्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकमेकांशी भांडत आहेत. ‘पर्स्वेड’ या क्रियापदात प्रयत्न आणि त्या प्रयत्नाला आलेले यश अशा दोन्ही गोष्टी गृहीत असतात. मराठीत ‘मी त्याला परोपरीने समजावले, पण तो बधला नाही’ असे आपण सहज म्हणतो, कारण समजावणे, विनवणे, गळ घालणे, मनधरणी करणे यांत समोरचा मानेलच असे धरलेले नसते. ‘पर्स्वेड’ मात्र ‘मन वळवणे’ याच्या जवळचे आहे, आणि ‘मी त्याचे मन वळवले, पण तो तयार झाला नाही’ असे कोणी म्हणत नाही. ‘कन्व्हिन्स’ घालूनही हा दोष जाणार नाही. तेही यशाचेच क्रियापद आहे. तेव्हा ‘वी ट्राइड टू पर्स्वेड द ग्रोअर्स’ असे लिहावे, किंवा नुसता आग्रह सांगायचा असल्यास ‘वी अर्ज्ड’ म्हणावे.

आता दोहोंतील फरक. एखादी गोष्ट खरी आहे असे पटवून देणे म्हणजे ‘कन्व्हिन्स’. त्याच्यापुढे ‘दॅट’ किंवा ‘ऑफ’ येते. एखादी कृती करायला राजी करणे म्हणजे ‘पर्स्वेड’. त्याच्यापुढे ‘टू’ आणि क्रियापद येते. आपल्याकडे ‘त्याला’मधल्या ‘ला’मुळे ‘पर्स्वेडेड टू हिम’ असे हमखास लिहिले जाते, ते टाळावे. ज्याचे मन वळवायचे ती व्यक्ती क्रियापदाला लागूनच येते, मध्ये काही नको. उच्चारही ‘पर्सुएड’ असा तीन तुकड्यांत नसून ‘पर्स्वेड’ असा दोनच अवयवांचा आहे.

मिरकरवाडा
सरांचा पहिला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. दुसरा मात्र थोडा जुन्या वळणाचा वाटतो. ‘कन्व्हिन्स्ड हिम टू गो’ ही रचना विसाव्या शतकाच्या मध्यापासून, विशेषतः अमेरिकन इंग्रजीत, रूढ होत गेली. त्या काळी भाषाशुद्धीच्या आग्रही मंडळींनी तिच्यावर टीका केली, परंतु आजचे शब्दकोश तिला चूक मानत नाहीत. उलट बाजूनेही ‘पर्स्वेडेड दॅट’ आणि ‘पर्स्वेडेड ऑफ’ या रचना पूर्वीपासून प्रचलित आहेत. म्हणजे कुंपण आहे, पण ते दोन्ही बाजूंनी ओलांडले जाते.

तरीही फरक उपयोगी पडतो, हे आमच्या बंदरावरचे उदाहरण घेतले तर दिसेल. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे हे एखाद्या नौकामालकाला पूर्ण पटलेले असते, म्हणजे तो ‘कन्व्हिन्स्ड’ असतो. पण कर्जाचा हप्ता डोक्यावर असल्यामुळे नौका किनाऱ्यावर ओढून ठेवायला तो मनापासून राजी नसतो, म्हणजे ‘पर्स्वेडेड’ नसतो. अशा ठिकाणी दोन्ही शब्द आपापल्या जागीच हवेत.

राजापूरचा निवृत्त शिक्षक
दुरुस्ती स्वीकारार्ह आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र मी मुलांना जुन्या कुंपणाच्या आतच राहायला सांगेन. या फरकाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘कन्व्हिन्स’ ज्या ‘विन्केरे’वरून आला त्याचा अर्थ जिंकणे, गुन्हा सिद्ध झालेल्याला इंग्रजीत ‘कन्व्हिक्ट’ म्हणतात तो शब्दही त्याच घरचा. ‘पर्स्वेड’मधील ‘स्वादेरे’ म्हणजे सल्ला देणे, आग्रह करणे, आणि त्याचा धातू आपल्या ‘स्वादु’ या शब्दाचा सगोत्र मानला जातो. एकाने वादात हरवून कबूल करून घ्यायचे, दुसऱ्याने गोडीगुलाबीने.

देवगडची आंबेवाली
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाक्य ‘ट्राइड टू पर्स्वेड’ असे केले आहे. एक शंका राहिली. काही बागायतदार कलमे विकायला निघाले होते आणि आम्ही त्यांना त्यापासून परावृत्त केले. त्यासाठी ‘पर्स्वेडेड नॉट टू सेल’ चालेल का?

मिरकरवाडा
चालेल. एकाच शब्दात हवे असल्यास ‘डिस्वेड’ आहे, पण त्याच्यापुढे ‘टू’ लावू नये. ‘डिस्वेडेड देम फ्रॉम सेलिंग’ असे लिहावे. त्यांनी कलमे खरोखरच विकली नसतील, तरच.