सोलापुरात डीएनडी सुरू करायचंय, पहिलाच डाव फसला. मदत हवी आहे

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डीएनडी, मी आयुष्यात एकदाच खेळले आहे. पुण्यात नोकरीला असताना, ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या घरी, सलग पाच तास. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चारपाच जण एकत्र बसून एक गोष्ट खेळायची. प्रत्येकाचं त्यात एक पात्र. एकजण डीएम, तो म्हणजे उरलेलं सगळं जग. पाऊस, पहारेकरी, खानावळीची मालकीण, राक्षस, सगळं तोच. जमेल की नाही अशी वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. त्या दिवशी घरी जायला रात्रीचे अकरा वाजले आणि जेवायचं राहिलंय हे रिक्षात बसल्यावर आठवलं.

गेल्या वर्षी बदली होऊन सोलापुरात परत आले. इथे ओळखीत खेळणारं कोणी नाही, म्हणून घरचीच माणसं जमवली आणि डीएम मीच झाले. दादा, वहिनी, दादाचा पूर्व भागातला एक मित्र (घरी तेलुगू बोलतो, फासा टाकताना पण तेलुगूतच पुटपुटतो) आणि शेजारचा नववीतला मुलगा. फासे ऑनलाइन मागवले.

रविवारी दुपारी दोनला बसलो. कूलर फुल्ल, तरी घामाच्या धारा. पात्रं तयार करण्यातच तीन तास गेले. प्रत्येक शब्द मी इंग्रजीतून वाचायचा, मराठीत सांगायचा, मग दादा विचारणार, "म्हणजे नेमकं काय?" शेवटी एकदाची चौघं वाटेला लागली. व्हिडिओत पाहिलं होतं तसे मी झाडीतून चार गॉब्लिन (बुटके, चोरटे राक्षस) काढले. शेजारच्या मुलाच्या जादूगाराचे जिवाचे पॉइंट पहिल्याच फेरीत शून्यावर आले. मी म्हटलं, मेलास रे. त्याने कॅरेक्टर शीटची, म्हणजे पात्राच्या कागदाची, चार पदरी घडी घातली, खिशात टाकली आणि "काकू, मला ट्यूशन आहे" म्हणून निघून गेला. रविवारी संध्याकाळी साडेपाचला! दादा मित्राला म्हणाला, "आपण लढायलोय का हिशोब करायलोय बे?"

तर आता विचारायचंय ते असं. इतके नियम खरंच लागतात का? जाडजूड पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत का? ह्या सगळ्याचं मराठी कसं करता? आणि वहिनी. ती चार माणसांत बोलायला लाजते. तिने गाणं म्हणणारी बार्ड घेतली, कारण घरात गुणगुणत असते. पण अख्ख्या डावात "तुम्ही म्हणाल तसं" ह्यापलीकडे एक शब्द नाही. तिला जबरदस्तीने बसवल्यासारखं तर होत नाहीये ना, ह्याचीच मला जास्त काळजी आहे.

माळरान

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. तो मुलगा मेलेलाच नव्हता.

शून्यावर आलेलं पात्र मरत नाही, बेशुद्ध पडतं. मग प्रत्येक फेरीत त्याची पाळी आली की त्याने नुसता वीसचा फासा टाकायचा, त्यात काही मिळवायचं नाही. 10 किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश. तीन यशं आधी झाली तर तो तगला, तीन अपयशं आधी झाली तरच गेला. 20 पडला तर थेट डोळे उघडून एक पॉइंट घेऊन उठतो. 1 पडला तर दोन अपयशं धरायची. दरम्यान कोणी औषध पाजलं किंवा बरं करणारा मंत्र टाकला तरी उठतो, आणि बार्डकडे तसा मंत्र असतो. म्हणजे तुमच्या वहिनींचं खरं काम तिथेच सुरू होणार होतं! एका फटक्यात मरण यायला शून्याच्या खाली आणखी त्याच्या पूर्ण पॉइंटांएवढा मार बसावा लागतो. आठ पॉइंटांच्या जादूगाराला पूर्ण भरलेला असताना एका घावात 16. गॉब्लिनच्या हातून ते होत नाही.

त्या मुलाला जाऊन सांगा. मला विचाराल तर बाकीचं सगळं नंतर.

दुसरं, चार गॉब्लिन. 2014 च्या नियमांप्रमाणे सांगतो (2024 ला सुधारित पुस्तकं आली, त्यात आकडे थोडे वेगळे आहेत, व्हिडिओवाले दोन्हीची खिचडी करतात, तेव्हा एकच काय ते धरा). गॉब्लिन फासा टाकून त्यात 4 मिळवतो. जादूगाराचं संरक्षण समजा 12, म्हणजे 8 किंवा वर पडलं की लागला. वीसपैकी तेरा वेळा. लागला की सरासरी साडेपाच मार. आठ पॉइंटांचं पोरगं, दोन बाण लागले की खाली. चौघांनी एकावरच नेम धरला तर काय होणार ते तुम्ही पाहिलंतच. पहिल्या पातळीची पात्रं म्हणजे अंड्याची टरफलं असतात हो. पहिल्या डावाला दोन गॉब्लिन, त्यातला एक घाबरून पळणारा, पुष्कळ झाले.

पुस्तकं अजिबात घेऊ नका. मूळ नियमांचा मोठा भाग फुकट आहे, 2023 साली तो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला गेला. छापून घ्यायचा, कोणी काही म्हणत नाही. त्यातलंही खेळणाऱ्यांना काहीच वाचायला देऊ नका. पात्रं तुम्हीच आधी तयार करून ठेवा. पात्राच्या सहा गुणांना (ताकद, बुद्धी वगैरे) वाटायला 15, 14, 13, 12, 10, 8 हे ठरलेले आकडे आहेत, तेवढे वाटून चार कागद पुढे ठेवा, ज्याला जो आवडेल तो उचलेल. आणि टेबलावर बोलताना एकच नियम: काय करायचंय ते सांग, मी आकडा ठरवते, फासा टाक. सोपं असेल तर 10, मध्यम 15, अवघड 20. बाकीचं जेव्हा अडेल तेव्हा बघायचं, तेही अर्ध्या मिनिटात सापडलं नाही तर तुम्ही म्हणाल तसं.

अवांतर: वीसचा फासा टाकून दार उघडायला लावू नका. साधं दार सरळ उघडतं. नापास झाल्यावर गंमत येणार असेल तरच फासा.

खडूस वाचक

मराठी म्हणाल तर उगाच शब्दकोश घेऊन बसू नका. 'लवचीकता गुणांक' वगैरे केलंत तर वहिनी काय, दादाही पळतील. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप. झाले सहा.

गच्चीवरची

@माळरान, दंडवत घ्या. मी "शून्य म्हणजे मेला" हे व्हिडिओ गेममधून उचललं असणार. आत्ताच शेजारी जाऊन आले. पोरगा दारातच ऐकून घेत होता. "म्हणजे मी बेशुद्ध आहे?" म्हणाला. हो म्हटलं, रस्त्यावर पडला आहेस आणि तुझी पाळी आहे. आत जाऊन खिशातली घडी घेऊन आला, हिरमुसल्यासारखा चेहरा ठेवूनच. पण आला.

@खडूस वाचक, बुद्धी आणि शहाणपण ह्यावरूनच आमच्याकडे अर्धा तास गेला होता! दादाचं म्हणणं, दोन्ही एकच.

खडूस वाचक

एकच कसं? दहावीला पहिला येणारा आणि मांजा काढायला विजेच्या खांबावर चढणारा मुलगा एकच असू शकतो. बुद्धी 15, शहाणपण 8. प्रत्येक वाड्यात एक असतो.

टॉवेलवाला

मी अक्कलकोट रोडला असतो, आमचा चौघांचा ग्रुप आहे. दुसऱ्या शनिवारी खेळतो, कारखान्याच्या सुट्टीप्रमाणे तारीख हलते. दोनतीन गोष्टी सांगतो.

फासा एकच असेल किंवा हरवला तर (आमचा बॉबिनच्या पेटीत गेला तो गेलाच) घरातला तंबोला काढा. 1 ते 20 च्या सोंगट्या पिशवीत टाकायच्या, एक काढायची. वीसचा फासाच झाला. फक्त काढलेली सोंगटी प्रत्येक वेळी परत टाकायची. आमच्यातल्या एकाने 20 ची सोंगटी मुठीत धरून ठेवली होती, तीन लढाया झाल्यावर कळलं.

गोष्टीचं गाव इंग्रजी नको. आम्ही सुरुवातीला परदेशी नावं घेतली, डीएमलाच आठवेनात. मग सरळ आपलं घेतलं. भुईकोट किल्ला, त्याचा खंदक, तळं, बाजार, मागाची खडखड चालू असलेली गल्ली. खंदकात काय आहे म्हटलं की सगळे कान टवकारतात, कारण लहानपणी प्रत्येकाने तिथे वाकून बघितलेलं आहे. गॉब्लिनही गॉब्लिनच ठेवला, पण तो रात्री मागावरचं सूत चोरतो. एवढं पुरतं.

खडूस वाचक

देवळं, यात्रा, नंदीध्वज वगैरे त्यात ओढू नका म्हणजे झालं.

टॉवेलवाला

यात्रेतला बाजार घेतला होता, गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेच्या मैदानावरचे, पाळणे आणि खेळण्यांची दुकानं. देवाला हात लावला नाही. जत्रेत खिसा कापला जाणं ह्यात कोणाची श्रद्धा दुखावते?

खडूस वाचक

ज्याचा कापला जातो त्याची. असो. बाजारापर्यंत ठीक.

साडेतीन_फासे

मी जरा उलटं सांगते. हिशोबाचा इतकाच कंटाळा असेल तर डीएनडीच का? केर्न नावाचा छोटा खेळ आहे, नियम फुकट. सहाच्या जागी तीन गुण, आणि मारताना 'लागला का' म्हणून फासाच टाकायचा नाही. लागतोच, किती लागला एवढंच बघायचं. त्यामुळे लढाई झटपट होते आणि जिवावर बेतते, म्हणून माणसं लढण्याआधी विचार करतात. माझ्या सासूबाई तो खेळल्या आहेत.

वहिनींबद्दल. अभिनय करावा लागतो हा गैरसमज काढून टाका. "मी पहारेकऱ्याला म्हणते, अहो महाराज..." असं बोलायची काही गरज नाही. "माझी बाई त्याला गोड बोलून आत जायला बघते" एवढं सांगितलं तरी खेळ पूर्ण होतो. मी स्वतः दोन वर्षं तशीच खेळतेय. आणि सगळ्यांना एकदम "आता काय करता?" विचारू नका, मोठ्या आवाजाचाच माणूस बोलतो. नाव घेऊन विचारा, आणि दोन पर्याय द्या: ओढ्याकडून जातेस की वस्तीतून? निवडायला लाज वाटत नाही. जबरदस्तीचं म्हणाल तर डाव संपल्यावर दोघीच असताना सरळ विचारा. पुन्हा बसावंसं वाटतंय का, एवढंच.

माळरान

केर्न चांगला आहे, +1. पण मुलगा आता त्या शीटवर जीव लावून बसला असेल, तर चालू डाव मोडू नका. पुढची गोष्ट त्यात करा.

गच्चीवरची

आठ दिवसांनी येतेय, वृत्तांत द्यायला. सगळ्यांचे आभार.

ह्या वेळी दुपार टाळली. रात्री साडेनऊला गच्चीवर सतरंजी टाकली. वारा सुटला होता, कॅरेक्टर शीटं उडायला लागली, म्हणून प्रत्येकाने आपल्या कागदावर काहीतरी ठेवलं. दादाने पाण्याची बाटली, वहिनीने शेंगाचटणीची बरणी. त्या कागदावरचा 'छाप' हा शब्द आता तेलात विरघळला आहे, 15 तेवढा वाचता येतो.

सुरुवात जिथे थांबलो होतो तिथूनच केली. जादूगार रस्त्यावर पडलेला, दोन गॉब्लिन मी गुपचूप कमी केले. मुलाने पहिला फासा टाकला: 4. दुसरा: 11. तिसरा: 7. दोन अपयशं, एक यश. सगळे गप्प. दादाच्या मित्राने देवाचं काहीतरी तेलुगूत म्हटलं. आणि वहिनीची पाळी आली. मी नाव घेऊन विचारलं: त्याच्याकडे जातेस की गॉब्लिनकडे?

ती म्हणाली, "आधी त्याच्याजवळ बसते. मग गाणं म्हणते." मी म्हटलं, बरं, मंत्र लागला. तर ती खरंच म्हणाली. एक ओळ, ओवीची, हळू आवाजात, पदर डोक्यावर घेऊन. शेजारच्या गच्चीवरच्या आज्जी उठून बसल्या. मुलाने चार पॉइंट लिहून घेतले आणि खोडरबर शोधायला लागला.

त्यानंतर लढाई झालीच नाही. उरलेल्या दोनपैकी एक पळाला, आणि दुसऱ्याला वहिनीने विचारलं की तू जेवलास का. मी तयारी केली होती तलवारींची! आकडा 15 ठेवला, तिने फासा टाकला, 13 पडला, छाप 15 असल्याचे 2 मिळवून बरोबर 15. गॉब्लिनने कडक भाकरी घेतली, आणि आता तो ह्यांच्याबरोबर सामान उचलून चालतोय. साडेबाराला खालून बाबांची हाक आली तेव्हा थांबलो.

विचारलं वहिनीला, दोघीच असताना. "पुढच्या वेळी मागांच्या गल्लीत जायचं आहे ना, मग?" म्हणाली. म्हणजे हो समजायचं.

आता नवी अडचण. हा गॉब्लिन कोण खेळणार? मी बोलते तर मीच माझ्याशी बोलल्यासारखं होतं. वहिनी म्हणते माझा आहे. मुलगा म्हणतो, त्याने मला बाण मारला होता, मी त्याला राबवणार. त्याला पूर्ण शीट लागते का?

माळरान

पूर्ण शीट नको. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, त्यावर 7 पॉइंट, 15 संरक्षण, आणि त्याला भीती कशाची वाटते ते एक वाक्य. बास. लढाईत त्याचा फासा वहिनींनी टाकायचा, एरवी तो तुमच्या तोंडून बोलेल, पण कमी. आणि मुलाचा राग फुकट घालवू नका. बाण कोणी मारला होता, ह्याने की पळालेल्याने, हे अजून कोणालाच नक्की माहीत नाहीये ना?

गच्चीवरची

नाही. मलाही नाही. शनिवारी बसतोय.